तंबोऱ्याच्या मागे मागे: गाण्याच्या आवडीतून ऑडिओच्या हौसेकडे

प्रश्न असा आहे: वय चाळिशीच्या आसपास, गाणे लहानपणापासून आवडते, नागपुरात स्वतःचे घर झाले आहे आणि त्यातील दहा बाय बारा फुटांची एक खोली गाणे ऐकण्यासाठी वापरता येईल. सुमारे दीड लाख रुपये खर्च करण्याची तयारी आहे. वडिलांनी जमवलेल्या साठेक रेकॉर्ड आणि बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर घरात आहे. सुरुवात कुठून करावी, आणि या हौसेत शिरल्यावर गाणे मागे पडून यंत्रेच पुढे येतात हे खरे आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. यंत्रे पुढे येतात हे खरे आहे, पण सगळ्यांच्याच बाबतीत तसे होत नाही. ज्याने गाण्यातील एखादी नेमकी गोष्ट ऐकू येत नाही म्हणून यंत्र बदलले, तो ती गोष्ट ऐकू आली की थांबतो आणि पुन्हा गाण्याकडे वळतो. ज्याने दुसऱ्याकडे अधिक चांगले यंत्र आहे एवढ्याच कारणाने आपले बदलले, त्याला थांबण्याची जागा सापडत नाही. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत मी स्वतःसाठी आणि इतरांसाठी अँप्लिफायर आणि स्पीकर बांधले, दुरुस्त केले, आणि हा फरक अनेक घरांत पाहिला. म्हणून पैसे बाहेर काढण्यापूर्वी आपल्या कानाला पडलेला एक प्रश्न हाताशी असावा. माझा प्रश्न तंबोऱ्याचा होता. तो मला कसा पडला हे सांगितले म्हणजे पुढचा तांत्रिक भाग समजायला सोपा जाईल.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालेले, आणि वडिलांची रात्रीची शास्त्रीय संगीताची सभा सहसा चुकत नसे. गायकाचा आवाज स्पष्ट येई, तबला बऱ्यापैकी येई, आणि या दोहोंच्या मागे एक अखंड गुणगुण चाललेली असे. ती गुणगुण रेडिओची स्वतःची आहे, यंत्र तापल्यामुळे येते, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे शेजारच्या वाड्यात एका गुरुजींच्या शिकवणीला बसलो, तेव्हा प्रथमच तंबोरा जवळून पाहिला. गुरुजी घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवत होते आणि एका विशिष्ट जागी तो आला की तारेचा आवाज फुलासारखा उघडत होता. या उघडण्यालाच जवारी म्हणतात. रेडिओत ऐकू येणारी गुणगुण ती हीच, पण हे उघडणे रेडिओत कधीच ऐकू आले नव्हते. ते का येत नाही, या एका प्रश्नाने मला या छंदात आणले.

याचे उत्तर मला बऱ्याच वर्षांनी समजले. मध्यम लहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते, त्यामुळे शेजारच्या केंद्राचा उपद्रव टाळायचा तर ध्वनीसाठी सुमारे साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा उरते. माणसाचा आवाज समजायला तेवढी पुरते, पण जवारीची झळाळी मोठ्या प्रमाणावर त्याच्या वर असते. १९८८ साली आपल्या नागपुरातूनच, एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली आणि रात्री ती देशाच्या कानाकोपऱ्यांत ऐकू जाऊ लागली. एवढ्या प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपकातूनही जवारी आली नाही, याचे तेव्हा मला फार आश्चर्य वाटले होते. शक्ती वाढली की आवाज दूरवर जातो. त्यात किती बारकावे मावतील हे मात्र त्याला दिलेल्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. अँप्लिफायर निवडतानाही हाच भेद लक्षात ठेवावा लागतो.

पुढची पायरी एलपी रेकॉर्डची. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी बाजारात आली. त्याआधी दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गायक (निधन १९३७) आपल्याला मुख्यतः या तीन मिनिटांच्या तुकड्यांतूनच भेटतात. एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि विलंबित ख्याल श्वास घेऊ लागला. धरमपेठेतील एका परिचितांच्या घरी मी पहिल्यांदा चांगल्या यंत्रावर एलपी ऐकली आणि गायकाच्या मागे डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन तंबोरे वेगवेगळे बसलेले ऐकू आले, तेव्हा मी बोलणे विसरून गेलो होतो. त्या दिवशी ऐकलेला राग आता आठवत नाही, तंबोरे मात्र आठवतात.

मग कॅसेट आली. ती सगळ्यांच्या हाती पोहोचली हे तिचे फार मोठे काम आहे, आणि माझा निम्म्याहून अधिक संगीत-परिचय कॅसेटवरच झाला. पण तिच्यात टेप सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकते. रबराचा पट्टा थोडा सैल झाला, चाकावर धूळ बसली, की वेग डगमगतो. गायकाच्या आवाजात हे डगमगणे लपते, कारण गळा स्वतःच हलत असतो. स्थिर राहणारा तंबोरा मात्र लगेच ते उघड करतो. रेकॉर्डचे मधले भोक किंचित एका बाजूला पडलेले असेल तर तंबोऱ्याचा सूर दर १.८ सेकंदांनी, म्हणजे तबकडीच्या प्रत्येक फेरीला, हलकासा वरखाली होतो. जुना प्लेअर किंवा डेक घेण्यापूर्वी मी आजही पहिली परीक्षा हीच घेतो.

आता तुमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीकडे येतो. इथे थोडा अधिक वेळ घालवणे आवश्यक आहे, कारण माझी सर्वांत महागडी चूक खोलीच्याच बाबतीत झाली. नोकरी लागून काही वर्षे झाल्यावर मी साठवलेले जवळजवळ सर्व पैसे घालून परदेशी बनावटीचे मोठे स्पीकर घेतले आणि दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा स्लॅबच्या खोलीत मांडले. खाली फरशी, चारही बाजूंना गुळगुळीत गिलावा. तबल्याचा बायाँ (डग्गा) वाजला की खोली घुमायची, तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा षड्ज) कधी प्रचंड फुगायचा तर दोन फूट बाजूला सरकून बसले की नाहीसा व्हायचा. दोष स्पीकरचा आहे असे समजून दीड वर्षाने मी ते तोट्यात विकले. स्पीकर निर्दोष होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी ध्वनिलहर नेमकी अर्धी मावते, ती त्या खोलीत अडकून राहते आणि फुगते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर दहा फुटांच्या अंतराला ही वारंवारता ५६ हर्ट्झ येते आणि तिची दुप्पट ११२. माझ्या खोलीत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचा दोष एकाच जागी येऊन साचला होता. तुमच्या खोलीत बारा फुटांची दिशा ४७ हर्ट्झला घुमेल आणि दहा फुटांची ५६ ला. दोष वाटला जाईल, त्यामुळे माझ्या त्या खोलीपेक्षा तुमची खोली बरी आहे.

महालातल्या जुन्या घरात तोच रेडिओ इतका गोड का वाजत असे, हेही मला तेव्हा उमगले. मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, खाली सतरंजी, कोनाड्यांत आणि फडताळांत भरलेले सामान, यामुळे आवाज कुठेच सरळ परतत नसे आणि खालचे स्वर लाकडी छतातून बरेचसे निघून जात. सिमेंटच्या खोलीत तो परिणाम थोड्या प्रयत्नाने जवळपास आणता येतो. स्पीकर बारा फुटांच्या भिंतीला पाठ करून न ठेवता दहा फुटांच्या भिंतीसमोर, तिच्यापासून निदान दोन फूट पुढे ठेवा. तुमची बसण्याची जागा मागच्या भिंतीला टेकलेली नसावी आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नसावी. पुस्तकांचे भरलेले कपाट मागच्या भिंतीला लावा, खाली जाड सतरंजी घाला, आणि स्पीकरमधून निघालेला आवाज बाजूच्या भिंतीवर जिथे पहिल्यांदा आदळतो तिथे कापसाची गादी उभी करून महिनाभर ऐकून पाहा. घरातली एखादी जुनी वाकळ दुहेरी घडी करून लावली तरी फरक कळतो. पडदे आणि पातळ फोम मात्र केवळ वरच्या स्वरांना आवरतात. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते, ती दोन इंचांच्या फोमने अडत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत दीड-दोन फूट जाडीचे कापसाचे किंवा रॉकवूलचे गठ्ठे लागतात, किंवा मग स्पीकर आणि खुर्ची इंच इंच सरकवण्याचा धीर लागतो. धीर फुकट मिळतो, म्हणून आधी तोच वापरावा. पुढे मोजून पाहण्याची इच्छा झाली तर मोजणीचा एक साधा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळे लिहावे लागेल. पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरशिवाय बसवत नाही, आणि आमच्या घरच्या कूलरचा आवाज मी मोजला तेव्हा तो ६२ डेसिबल भरला. रात्री कूलर बंद केल्यावर त्याच खोलीत तो ३२ वर आला. ख्यालातल्या सुरुवातीच्या आलापाचा हळुवार भाग पन्नासच्या आसपास असतो, म्हणजे कूलर चालू असताना तो पूर्ण बुडतो आणि आपण नकळत आवाज वाढवत नेतो. मी एप्रिल ते जून गंभीर ऐकणे पहाटे पाच ते सात या वेळेतच करतो. त्या दोन तासांत जे ऐकू येते ते दुपारी दुप्पट किमतीच्या यंत्रावरही येत नाही. अँप्लिफायर बंद कपाटात ठेवू नये, हेही इथेच सांगतो. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते असा आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचा आडाखा आहे, आणि आपल्याकडच्या उघडलेल्या यंत्रांतून मला त्याचा प्रत्यय आला आहे.

विजेचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. कॉलेजात असताना मी सीताबर्डीच्या बाजारातून सुटे भाग आणून एलए ४४४० या आयसीवर (इलेक्ट्रॉनिक चिपवर) बारा व्होल्टचा अँप्लिफायर बांधला. आवाज झकास आला, पण मागे सतत घुमघुम होती. ती विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची घुमघुम. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर लागतो, आणि त्याच्या तुलनेत ही १०० हर्ट्झची घुमघुम तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या अधेमध्ये, कोणत्याच स्वरावर नाही, अशी जाऊन बसते. म्हणजे बैठकीत बेसूर लावलेला आणखी एक तंबोरा आणून ठेवल्यासारखे होते. खर्जाच्या पोटातून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार, तो त्या खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्या पाचपट वारंवारतेचा, सुमारे ३४६ हर्ट्झवर असतो. घुमघुम गेल्याशिवाय तो मला कधी नीट ऐकू आला नाही. एका दुकानातल्या कारागिराने मला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले होते आणि तसे केल्यावर घुमघुम खरोखरच कमी झाली. काही दिवसांनी अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लागून सणसणीत झटका बसला. ती पिन कधीही काढू नका. घुमघुमीचे कारण बहुधा दोन उपकरणे दोन वेगळ्या सॉकेटवरून चालल्यामुळे तयार झालेल्या अर्थिंगच्या फेऱ्यात असते. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवली तर ती पुष्कळदा जाते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून घराच्या अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि विद्युत ठेकेदाराकडून वर्षातून एकदा ते मोजून घ्यावे.

अँप्लिफायर किती वॉटचा, हा प्रश्न लोक फार विचारतात आणि त्याचे उत्तर छोटे आहे. एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारे दोन स्पीकर दोन मीटरवरून ऐकताना सरासरी ७५ डेसिबलचे गाणे एका वॉटच्या आठव्या भागात होते. तबल्याची थाप मात्र क्षणभर वीस डेसिबलने वर जाते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती, म्हणजे बारा-तेरा वॉट. तुमच्या खोलीला प्रामाणिक चाळीस-पन्नास वॉट भरपूर होतात. अँप्लिफायरचा वर्ग (क्लास) कोणता, व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, या वादात सध्या पडू नये. तारांवर हजारो रुपये घालण्याची तर मुळीच गरज नाही. गाण्याच्या स्रोताचेही तसेच. १९८२ साली आलेल्या सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट मानवी कानाला पुरतात, आणि त्याच दर्जाचे स्ट्रीमिंग आता मिळते. ध्वनिमुद्रण कसे झाले आहे याचा फरक त्यापुढच्या सर्व आकड्यांपेक्षा मोठा असतो.

स्पीकर मात्र नीट निवडावेत, आणि शक्य तर एकदा तरी स्वतः बांधावेत. लकडगंजमधून १८ मिलिमीटर जाडीचे चांगल्या प्रतीचे प्लायवुड कापून आणणे, पेटीच्या आत आडव्या पट्ट्या लावून बाजू कंप पावणार नाहीत असे करणे, पेटीवर बोटाने ठोकून ती कुठे पोकळ वाजते ते ऐकणे, यातून जे शिकायला मिळते ते वाचून मिळत नाही. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले फळकूट) कापायला सोपे असते, पण आपल्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा फुगलेल्या मी पाहिल्या आहेत. मात्र पहिलाच संच बांधायचा हट्ट धरू नका. सहा ते साडेसहा इंची वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा), पन्नास हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरणारा तयार स्पीकर घ्या, म्हणजे काळी एकचा खर्ज आणि बायाँची घुमार दोन्ही वजनासह ऐकू येतील. लहान चार इंची स्पीकरवर तंबोरा ऐकू येतो, कारण त्याचे उपस्वर येतात, पण त्याच्या पायाखालची जमीन येत नाही.

हे ज्याच्याशी ताडून पाहायचे तो मूळ आवाज कानात असला पाहिजे. ज्या नागपुरात वसंतराव देशपांडे यांनी शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण घेतले, त्या गावात ही सोय आजही आहे. सिव्हिल लाइन्समधील वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात कार्यक्रम होतात आणि ते जरूर ऐकावेत, परंतु तिथे आपण ऐकतो तोही स्पीकरचाच आवाज असतो. ताडून पाहण्यासाठी माइक नसलेली, वीस-तीस श्रोत्यांची घरगुती बैठक शोधा, आणि गायकाने तंबोरे जुळवायला घेतले की तेव्हापासूनच कान द्या. कित्येक श्रोते त्या वेळी गप्पा मारतात. माझ्या दृष्टीने यंत्र पारखणाऱ्याला बैठकीतील सर्वांत उपयोगी पंधरा मिनिटे तीच असतात.

तुमचे दीड लाख मी असे वाटेन: पंधरा ते वीस हजार खोलीवर आणि अर्थिंगवर, सत्तर हजारांपर्यंत स्पीकरवर, तीसेक हजार अँप्लिफायरवर, आणि उरलेले वडिलांच्या रेकॉर्डसाठी बाजूला. खोलीचे काम झाल्यावर दोन महिने काहीही विकत घेऊ नका. घरात आहे त्या साध्या स्पीकरवर, ओळखीची दहा ध्वनिमुद्रणे घेऊन, कोणती गोष्ट ऐकू येत नाही ते वहीत लिहीत जा. तुमचा प्रश्न कदाचित तंबोऱ्याचा नसेल, सारंगीचा असेल, लावणीतल्या ढोलकीचा असेल किंवा एखाद्या गायिकेच्या श्वासाचा असेल. दुकानात जाताना ती वही आणि तीच ध्वनिमुद्रणे बरोबर न्या.

जुना प्लेअर सुरू करण्याची घाई करू नका. त्या काळच्या घरगुती प्लेअरमधील सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) सुई बऱ्याचदा पाच ग्रॅम किंवा अधिक भाराने तबकडीवर टेकते आणि झिजलेली असेल तर खाच कायमची खरवडते. आजची बरीचशी कार्ट्रिजे दोन ग्रॅमच्या आसपास चालतात. त्यांच्यातून तीन ते पाच मिलिव्होल्ट एवढाच संकेत निघतो, आणि रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर मुद्दाम कमी व वरचे जास्त केलेले असतात ते पूर्ववत करावे लागतात, म्हणून वेगळा फोनो प्री-अँप्लिफायर लागतो. रेकॉर्ड आडव्या थप्पीत असतील तर आजच उभ्या करा आणि मेच्या उन्हापासून दूर, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एखादाच थेंब घालून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुवा आणि सावलीत उभ्या वाळवा. साठांमध्ये ७८ च्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. त्यांना एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची सुईही लागते. धुतलेल्या रेकॉर्डमधून वडील सर्वांत जास्त लावत असत ती आधी निवडा. तिच्या मधल्या कागदावर, भोकाच्या भोवती, सुईच्या दांड्यावर चढवताना पडलेले बारीक चरे दिसतील, त्यावरून ती सहज ओळखता येईल.